रिकाम्या चौकटीतलं पाणी

पालघरच्या मासळी बाजारात सातपाटीच्या एक मावशी बसायच्या. लग्न होऊन मी पालघरला आले तेव्हापासून मासे त्यांच्याकडूनच घ्यायचे. एका थंडीत सलग दोन दिवस त्यांची जागा रिकामी दिसली. तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी विचारलं, "बरं नव्हतं का, मावशी?"

"मी बरी हाय गो बाय. बोटच आत आली नाय. पाणी नव्हतं."

मला हसू आलं. "समुद्रात पाणी नव्हतं?"

"समुद्रात हाय. खाडीच्या तोंडाशी नाय."

बोंबलांवर पाणी शिंपडत त्यांनी मला समजावलं. खाडीच्या तोंडाशी गाळ साचला आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेला, भरती मोठी असते आणि बोटी सहज आत येतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी कमी चढतं. मग भरलेल्या बोटी बाहेरच उभ्या राहतात आणि इकडे बायका पाट्या घेऊन किनाऱ्यावर बसून राहतात.

"किती वेळ?"

"दोन ते पाच. नाय तर पाच ते आठ. काय सांगावं?"

त्या वेळ नेहमी अशीच सांगायच्या, दोन टोकं धरून. इतकी वर्षं ऐकत होते, पण त्या दिवशी ते माझ्या कानात अडकलं. कारण मी पोटासाठी तेच काम करत होते.

माझे वडील कराडच्या बाजूचे. तारापूरच्या वीज प्रकल्पात नोकरी लागली म्हणून ते इकडे आले आणि मी वसाहतीत वाढले. समुद्र आमच्या घरात आवाजासारखा यायचा. पंखा बंद केला की ऐकू यायचा, लावला की नाहीसा व्हायचा. पुढे मी गणित शिकले आणि बोईसरला एका लहानशा कचेरीत लागले. तिथं आम्ही आठ जण कारखान्यांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत असू. माझ्या वाट्याला टाक्या होत्या. टाकीत किती द्रव आहे ते यंत्र मोजतं, पण कुठलंच यंत्र नेमकं मोजत नाही. म्हणून शंभर असं न म्हणता अठ्ठ्याण्णव ते एकशेदोन असं म्हणायचं आणि पुढची सगळी बेरीज-वजाबाकी त्या दोन्ही टोकांना बरोबर घेऊन करायची. उत्तरही दोन टोकांचंच येतं. खरी गोष्ट त्या दोन टोकांच्या आत कुठं तरी असणारच, एवढं वचन हे गणित देतं. ती नेमकी कुठं आहे ते सांगत नाही. मला ते गणित आवडायचं. दुपारी जेवण झाल्यावर डोळे जड व्हायचे, आणि आकडे बिंदूंसारखे न दिसता धुक्यातल्या झाडांच्या रांगेसारखे दिसायचे.

पुढच्या आठवड्यात मी मावशींना म्हटलं, "बोट आत येण्याइतकं पाणी कधी असेल ते फोनवर दिसलं तर?"

"तुजा फोन सांगंल?"

"मी त्याला शिकवीन."

त्यांनी माझे मासे पिशवीत भरले. मग एक पापलेट जास्तीचं टाकून म्हणाल्या, "रविवारी ये घरी. आमच्या घरातल्याला विचार. पाणी त्याला कळतं."

घरातला म्हणजे त्यांचे यजमान, बोट चालवणारे तांडेल. मी त्यांना काका म्हणू लागले. काका फार कमी बोलायचे. घराच्या ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करायचे आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दोन-तीन टाके घालून झाल्यावर द्यायचे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा एक हात, त्या हातांत ते पाणी मोजत. खाडीच्या तोंडाशी गाळावर किती पाणी? "भांगाला चार ते पाच हात." बोटीला किती लागतं? "रिकामीला तीन. भरलेलीला साडेतीन ते चार." मी लिहून घ्यायचे. समोर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकायला टांगलेले असायचे, आणि त्यांच्यामधून पलीकडचं पाणी चकाकायचं. तिथं बसलं की वेळेला काठच नसल्यासारखं वाटायचं. मी अकराला जायचे आणि परतीची बस धरायचे तेव्हा ऊन पिवळं झालेलं असायचं.

दोन महिन्यांत प्रोग्रॅम तयार झाला. फोनवर भरतीची वेळ आणि उंची आपोआप यायची. खाली दोन चौकटी होत्या: गाळावरचं पाणी किती ते किती, आणि बोटीला लागणारं पाणी किती ते किती. त्या भरल्या की उत्तर यायचं. हिरवं म्हणजे या वेळेपासून या वेळेपर्यंत आत येता येईल. तांबडं म्हणजे येऊ नका. पिवळं म्हणजे सांगता येत नाही.

पहिला महिना मजेत गेला. मावशींचा किनाऱ्यावर बसण्याचा वेळ कमी झाला. एकदा मधल्या वेळात जवळच्या माहीमला बहिणीकडे जाऊन आल्याचं त्यांनी मला बाजारात मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या बायकांना फोन दाखवून त्या म्हणायच्या, "आमच्या बायनं केलाय." त्यांतल्या काहींनी तो आपल्या फोनवरही घेतला. मी मान खाली घालून मासे निवडायचे, पण आतून फुलून जायचे.

मग तो रविवार आला. सकाळी साडेदहाला मावशींचा फोन.

"बाय, येतेस काय इकडे? माज्या भावाची बोट बसली."

"बसली म्हणजे?"

"गालात. मानसं बरी हायत. तू ये."

त्या गाळाला गाल म्हणत. मला क्षणभर गालावर हात ठेवून बसलेली बोट दिसली आणि मग अर्थ लागला. मी रिक्षा केली. शिरगाव मागे पडलं, सुरूची झाडं आली, आणि सकाळच्या पांढुरक्या, धुरकट हवेत सगळं इतकं शांत होतं, की वाईट काही घडलं असेल यावर विश्वास बसेना.

ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. खाडीच्या तोंडाशी चिखल उघडा पडला होता आणि त्यात आकाश उतरलं होतं. मध्यभागी एक निळी बोट कुशीवर झोपल्यासारखी कलली होती. तिच्या वर उचललेल्या कडेवर पाच माणसं ओळीनं बसली होती, कुंपणावर पाखरं बसावीत तशी. त्यांतला एक जण कपात चहा ओतत होता. मावशींच्या धाकट्या भावानं मला ओळखलं आणि लांबून हात हलवला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मावशी किनाऱ्यावर उकिडव्या बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"तुजा फोन खोटा नाय बोलला," त्या लगेच म्हणाल्या. "मीच एक चौकट रिकामी ठेवली."

घडलं ते असं. काका त्या दिवशी सकाळी सातच्या भरतीला, आपल्या अंदाजानं, आपली बोट आत घेऊन आले होते. भाऊ मागे राहिला होता. किनारा जवळ आल्यावर त्याच्या फोनला रेंज मिळाली आणि त्यानं बहिणीला विचारलं, ताई, अजून पाणी आहे का? मावशींनी फोनवर त्याच्या बोटीसाठी उत्तर काढलं.

"गालावरचं पाणी लिवलं. पन त्याच्या बोटीला किती लागतं, मना काय ठाव? आमच्या बोटीचा आकडा त्याला कशाला लावू? खोटं कशाला लिहू? म्हून रिकामं ठेवलं."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. उत्तर हिरवं होतं. सहा ते अकरा. त्यांनी तेच भावाला सांगितलं होतं, आणि तो साडेनऊला निघून आला होता.

मला एका क्षणात कळलं. कचेरीत आकडे यंत्राकडून यायचे आणि माझ्यापर्यंत पोचण्याआधी कुणी तरी ते तपासलेले असायचे. माणूस एखादी जागा कोरी सोडेल ही गोष्ट माझ्या मनातच आली नव्हती. कोऱ्या जागेतून आकडा काढायला सांगितलं, तर मी वापरत होते ती भाषा शून्य देते. शून्य ते शून्य. आणि माझ्या दोन टोकांच्या गणितानं ते शून्य अगदी प्रामाणिकपणे पुढं नेलं होतं. त्याचं वचन मोडलं नव्हतं. मी त्याला जे दिलं त्याचं बरोबर उत्तर त्यानं दिलं होतं.

"मावशी, तुम्ही रिकामं ठेवलंत तेच बरोबर होतं," मी म्हटलं. "मी ते शून्य धरलं. या बोटीला पाणी लागतच नाही, असं धरलं."

त्यांनी ते मनात घोळवलं. मग इतक्या वेळात पहिल्यांदा हसल्या. "पाणी लागत नाय अशी बोट? ती तर उडंल गो!"

काका मागे येऊन उभे राहिले होते. ते खाली बसले, वाळूवर बोटानं एक रेघ ओढली आणि म्हणाले, "बोट आत घेताना पुढं खलाशी बांबू घेऊन उभा असतो. बांबू टाकतो आन् आकडा वरडतो. पाच. साडेचार. पाच. मी त्याच्यावर चालवतो. कधी तो बोललाच नाय, तर मी काय समजायचं?"

"काय?"

"काय नाय समजत. बोट थांबवतो."

एवढं बोलून ते उठले आणि चिखलात उतरले. मासे बाहेर काढायला हवे होते. बर्फ दुपारपर्यंतच पुरला असता. काका पुढे, मागे आणखी तिघं, गुडघाभर चिखलातून बोटीपर्यंत गेले आणि डोक्यावर पाट्या घेऊन परतू लागले. मावशींनी लुगडं खोचलं. मीही चपला काढून घोटाभर चिखलात उभी राहिले आणि हातात येईल ती पाटी घेऊन मागे देत राहिले. चिखल कोमट होता. पाय आत जायचा आणि खालून कुणी तरी हळूच धरून ठेवल्यासारखं व्हायचं. पाट्यांमधली पापलेटं चांदीची ताटं मांडल्यासारखी दिसत होती. एकाही तोंडातून माझ्याबद्दल शब्द आला नाही, आणि त्यामुळं मी अधिकच जोरात काम करत राहिले.

दुपारी सगळं थांबलं. निवडून झालेले मासे गेले, मऊ पडलेले वेगळे काढले, आणि मग संध्याकाळच्या भरतीची वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही. मावशींनी घरून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली. जेवून मी एका उलट्या होडीच्या सावलीत टेकले. डोळा लागला की नाही ते आठवत नाही. पाणी मागं मागं जाताना दिसत होतं आणि त्याच्या तळाशी माझ्या चौकटी पडलेल्या दिसत होत्या, शिंपल्यांसारख्या, सगळ्या उघड्या आणि कोऱ्या. मी एक एक उचलून आत काही आहे का बघत होते. कुणी तरी लांबून आकडे ओरडत होतं, पाच, साडेचार, आणि मग ओरडणं थांबलं. मी जागी झाले तेव्हा मावशी माझ्या डोक्याशी ऊन अडवून बसल्या होत्या.

सूर्य बुडता बुडता पाणी आलं. ते आलेलं दिसलं नाही. चिखलातलं आकाश फक्त रुंद होत गेलं. मग निळी बोट जरा हलली, पुन्हा हलली, आणि झोपेतून उठून बसावं तशी सरळ झाली. इंजिन सुरू झालं तेव्हा किनाऱ्यावरच्या बायका एकदम बोलू लागल्या. दिवसभर त्या इतकं हळू बोलत होत्या हे मला तेव्हा जाणवलं.

बोटीच्या सुकाणूला तडा गेला होता. ती चार दिवस दुरुस्तीत राहिली. भाऊ उतरून आला तेव्हा मी त्याच्यापुढे उभी राहिले. "माझ्यामुळे झालं हे."

तो दिवसभराच्या उन्हानं दमला होता. म्हणाला, "मी बी इचारायला हवं होतं, आकडा कुठून आनला म्हून." मग बहिणीकडे बघत म्हणाला, "पन ताई कधी खोटं बोलत नाय. ताई बोलली पाणी हाय, म्हून आलो."

घरी जाताना रिक्षात मला रडू आलं ते या वाक्यानं. ज्या बाईनं खोटं लिहायला नको म्हणून जागा कोरी सोडली, तिच्याच तोंडून मी खोटं वदवलं होतं.

त्या आठवड्यात मी प्रोग्रॅम सगळ्यांच्या फोनवरून बंद केला आणि संध्याकाळी घरी बसून पहिल्यापासून लिहायला घेतला. कोऱ्या चौकटीचं सोपं होतं. कोरी म्हणजे माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणजे काहीही असू शकेल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. असा अमर्याद पट्टा गणितात चालतो. त्यातून उत्तर पिवळं येतं. काकांच्या भाषेत, बोट थांबते.

पण लोक चौकटी कोऱ्याच ठेवतात असं नाही. कुणी अक्षरं लिहितं, कुणी पाचच्या जागी पन्नास. अशा नोंदीला पट्टाच म्हणता येत नाही. तिच्यावर गणित करायचंच नाही, असं मी ठरवलं. तिला एक खूण लावायची, आणि त्या नोंदीतून जे जे निघेल त्या प्रत्येकाला तीच खूण लागत जाईल, शेवटच्या उत्तरापर्यंत. मधे कुठंही ती पुसता येणार नाही. पुढच्या सोमवारी कचेरीत जाऊन मी टाक्यांचा माझा जुना प्रोग्रॅमही उघडला. त्यात तीन वर्षांपूर्वी माझ्याच हातानं लिहिलेली एक ओळ सापडली. मोठा आकडा आधी आणि लहान नंतर आला, तर दोघांची गुपचूप अदलाबदल करायची. लिहिताना मला ते फार समजूतदारपणाचं वाटलं असणार. आता ती ओळ वाचून अंगावर काटा आला. उलटे आकडे म्हणजे कुणाची तरी बोटं घसरली, किंवा यंत्राची तार सैल झाली, आणि मी ते कुणाला कळूच दिलं नव्हतं. ती ओळ काढली, साहेबांना सांगितलं, आणि त्या जागी स्पष्ट नकार लिहिला. तसाच नकार सातपाटीच्या प्रोग्रॅममध्येही घातला. मोठा आकडा आधी आला की पडदा तांबडा होऊन लिहून येईल: चुकीची नोंद.

मला वाटलं, झालं.

पुढच्या भांगाला मी नवा प्रोग्रॅम घेऊन मावशींकडे गेले. ओट्यावर बसून त्यांनी चौकटी भरल्या. गाळावरचं पाणी: पाच ते तीन. पडदा तांबडा झाला. मावशींनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि फोन मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा शाळेत उभं केलेल्या मुलीसारखा झाला होता.

"काय झालं, मावशी?"

"चुकली म्हनतो मना." त्या म्हणाल्या, "भरती सातला झाली. आता पाणी उतरतं हाय. पाचवरून तीनवर येतं. मी काय चुकीचं लिवलं?"

माझ्या लेखी पट्टा म्हणजे लहान टोक आधी, मोठं नंतर. त्यांच्या लेखी पाणी वाहत होतं, आणि ज्या दिशेनं वाहत होतं त्या दिशेनं त्यांनी ते लिहिलं होतं. त्या उलट्या आकड्यांत ओहोटी होती. मागच्यासारखी मी गुपचूप अदलाबदल केली असती, तर आकडे सरळ झाले असते आणि पाणी उतरतंय ही बातमी पुसली गेली असती. आता तांबडं करून तर मी त्यांनाच खोटं पाडलं होतं.

काका जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "कळला नाय तर इचारायचं. वरडायचं कशाला?"

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी ते वाक्य बदललं. "चुकीची नोंद" काढून टाकलं आणि लिहिलं: "हे मला समजलं नाही. पाणी उतरतंय, की आकडे उलटे पडले?" खाली दोन बटणं. बटण दाबेपर्यंत उत्तर नाही. उतरतंय म्हटलं, की ते लक्षात ठेवून मगच पुढचं गणित. मावशींना ते इतकं आवडलं की त्या मुद्दाम उलटे आकडे घालून फोनला प्रश्न विचारायला लावत आणि त्याला मोठ्यानं उत्तर देत: "उतरतं हाय रे बाबा, उतरतं हाय!"

तरी नवा प्रोग्रॅम सगळ्यांना आवडला असं नाही. पिवळं फार वेळा यायचं. दोन घरं सोडून राहणारी एक बाई कंटाळून काहीही आकडे भरून हिरवं आणायची. एकदा मी तिथं असताना मावशींनी तिला पकडलं. "माहीत नाय तर माहीत नाय ठेव ना. लाज कसली?" ती म्हणाली, पिवळं बघून काय उपयोग, ते तर मलाही ठाऊक असतं. मावशी म्हणाल्या, "मग तुला ठाव हाय तेवढंच तो बोलतो. जास्ती नाय बोलत, हे बरं नाय काय?" ती बाई हसून निघून गेली आणि तिनं प्रोग्रॅम काढूनही टाकला. आज तो सहा-सात फोनवर असेल. मावशींचा भाऊ तो वापरतो, पण आत येण्याआधी मेहुण्यालाही फोन करतो. मी त्याला कधी दोष दिला नाही.

पावसाळ्यात बोटी बंद होत्या. नारळी पौर्णिमेनंतर काकांचा निरोप आला की पुरानं गाळ हलला आहे, जुने आकडे धरू नका. मी गोळा केलेलं सगळं पाणी एका पावसाळ्यात बाद झालं होतं. मी सगळ्या नोंदी पुसून कोऱ्या केल्या, आणि काका म्हणाले, "चल, पुन्हा मोजू."

त्यांच्या लहान होडीतून मी पहिल्यांदा खाडीच्या तोंडापर्यंत गेले. मावशीही आल्या, माझ्या दंडाला धरून बसल्या. पाणी भरलं होतं आणि थबकलं होतं. चढतही नव्हतं, उतरतही नव्हतं. किनारा मागं सरकला, देवळाचा कळस आणि वलांड्या लहान झाल्या, आणि आवाज फक्त वल्ह्यांचा उरला. काका बांबू टाकायचे आणि आकडा सांगायचे, मी वहीत लिहायचे. पाच. पाच ते सव्वापाच. साडेचार. ऊन ढगांआड होतं आणि पाण्याचा रंग आकाशासारखाच झाला होता, त्यामुळं आपण नेमके कशावर तरंगतो आहोत ते कळेनासं झालं. मला घरी जायची, कुठंच जायची, घाई नव्हती.

एका जागी काकांनी बांबू टाकला आणि तो जातच राहिला. खाली टेकला असं नाही, अडला असंही नाही. नवा गाळ इतका पातळ होता की पाणी कुठं संपतं आणि तळ कुठं लागतो हे हाताला कळत नव्हतं. त्यांनी बांबू वर काढला, पुन्हा टाकला, थोडं पुढं जाऊन आणखी एकदा टाकला.

"किती लिहू?" मी विचारलं.

"चार ते सात."

"एवढं रुंद?"

"बांबूला जेवढं कळलं तेवढंच बोललो," ते म्हणाले. "आठ दिसांनी गाल बसंल. तेव्हा परत येऊ."

मी चार ते सात लिहिलं आणि पुढं छोट्या अक्षरात पुन्हा यायची आठवण. मावशींनी पदराखालून उकडलेल्या शेंगा काढल्या, तिघांत वाटल्या. आम्ही टरफलं पाण्यात टाकत बसलो. ती होडीभोवती जागच्या जागी फिरत राहिली, आणि मग हळूहळू सगळी समुद्राच्या बाजूला निघाली. काकांनी ते पाहिलं आणि वल्ही हातात घेतली.